अक्षतचा फॉर्म

"घरात मारता अक्षतला?" समुपदेशक प्रणाली मॅडमनी विचारलं.

"नाही," संपदा म्हणाली.

"कशाच्या मारतात," अर्चना मध्येच बोलली. "नुसते लाड करून राहिल्या ताई."

संपदा थोरली जाऊ, अर्चना धाकटी. गोरखपूरच्या एकाच घरात वर-खाली दोघींची बिऱ्हाडं. आठ वर्षांच्या अक्षतनं वर्गातल्या मुलाला तिसऱ्यांदा बदडलं, तेव्हा समुपदेशकाकडून तपासून आणा, नाहीतर नाव कमी करू, अशी शाळेची चिठ्ठी आली. खोड वयाबरोबर जाईल की अंगात मुरेल, ते मॅडम भरत असलेल्या फॉर्मवरून कळणार होतं.

संपदा सोबत चल म्हणाली आणि अर्चना एका पायावर तयार झाली. थोरलीला आई म्हणून नापास होताना तिला पाहायचं होतं. मग सासूबाईंना सांगता आलं असतं, पोराला खाली आमच्याकडे राहू द्या, मी लावते वळण.

"झोपतो कुठे?"

"माझ्याजवळच."

अर्चना खिडकीतून बाहेर खेळणाऱ्या अक्षतकडे बघू लागली.

"मोबाईल?"

"जेवताना लागतो," संपदा ओशाळून म्हणाली.

"आमच्या चैत्रालीची बिशाद नाही मागायची," अर्चनानं आपल्या लेकीचं कौतुक ऐकवलं. मॅडमनी लिहून घेतलं. अर्चनाला बरं वाटलं.

तेवढ्यात अक्षत बाहेरून धावत आला. अर्चनानं पर्समधला बेसनाचा लाडू त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो मोडला, अर्धा संपदाच्या तोंडात कोंबला आणि तिच्याच पदराला हात पुसले.

अर्चना जळून खाक झाली. लाडू आपण वळायचे, आणि घास थोरलीला. इतक्या वर्षांत त्यानं एक तुकडा कधी काकूच्या तोंडाशी नेला नव्हता.

"अच्छा, आता शेवटचं," मॅडम म्हणाल्या. "याला फार महत्त्व असतं, आठवून सांगा. पहिल्या वर्षात मूल आईपासून दूर राहिलं होतं?"

अर्चना पर्सची चेन लावू लागली. ती लागेना.

"चलो बेटा, बाहर खेलो," संपदानं अक्षतला पाठवलं. दार लागेपर्यंत थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "ते हिला विचारा, मॅडम. सव्वा महिन्याचा होता, हिनं माझ्या ओटीत घातला तेव्हा."