पन्नास वर्षांनंतरचा पोशाख

सकाळपासूनची ही अकरावी पँट. शिंपीणबाईंनी ती उलटी करून पाहिली आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"सैल नाही होणार. त्यासाठी शिवणीत जास्तीचं कापड लागतं. रेडिमेडमध्ये हल्ली कुणी सोडतच नाही."

गिऱ्हाईक भिंतीवरचं जुनं चित्र बघत होतं. चंदेरी झगा, पाठीला पंखा, टोपीत दिवा. वर लिहिलेलं, 'पन्नास वर्षांनंतरचा पोशाख'.

"हे कुणी काढलं?"

"वडिलांनी. दुकान त्यांचंच."

"सगळंच चुकलं की त्यांचं," गिऱ्हाईक हसलं.

"चुकलंच," बाई पँटची घडी घालत म्हणाल्या. "शेवटची ओळ वाचा, तीसुद्धा चुकली."

अक्षर पुसट झालं होतं. 'माणूस तेव्हाही सुटणारच. शिवणीत दोन बोटं माया ठेवणे.'