घाम थांबला तेव्हा

मायसानं पुन्हा पाण्याच्या वाडग्याकडे बोट केलं. बोलायची सोय नव्हती. डोक्यावरच्या रुमालाचं टोक तिनं दातांत धरलं होतं. सासरच्या थोरांपुढे नव्या नवरीनं तोंड उघडायचं नसतं.

ओगुलसापरनं वाडगा हळूच मागे सरकवला. "जरा दम धर," ती सुनेच्या कानाशी पुटपुटली. "प्यालीस की बाहेर जावं लागेल. एवढे दागिने उतरवायचे न् पुन्हा चढवायचे, कोण करत बसणार? बायका अजून यायच्यात."

लोकरी तंबूत सकाळपासून नवरी बघायला रीघ लागली होती. बाहेर काराकुम वाळवंटाचं ऊन पेटलेलं. मायसाच्या अंगावर अस्तराचा रेशमी झगा, त्यावर चांदीच चांदी, डोक्यावरून जाड भरतकामाची ओढणी. येईल ती बाई झगा चाचपून म्हणे, "काय हात आहे गं तुझा, ओगुलसापर!" तो झगा भरण्यात तिचे दोन हिवाळे गेले होते. मघाशी सुनेच्या मानेवरून घाम निथळत होता, तो आता थांबलाय, हे तिच्या लक्षात आलं. बरं झालं, तिला वाटलं, रेशमाला डाग पडायचे नाहीत.

तेवढ्यात नवरी बोलली. चांगली मोठ्यानं.

"आई, उंटीण बांधली नाहीस का गं? बघ, विहिरीत उतरतेय ती."

बायका खिदळल्या. "घ्या! अंगणात पाऊल पडलं नाही तोच तोंड सुटलं!"

"सासूला पुरून उरणार ही!"

ओगुलसापरनं शरमेनं सुनेचा दंड धरला, चिमटा काढायला. दंड भट्टीच्या भिंतीसारखा तापला होता. कोरडा ठणठणीत. मायसा तिच्या मांडीवर कलंडली.

"गोझेल! अगं, धाव!"

गोझेल ओगुलसापरची लेक, तालुक्याच्या दवाखान्यात नर्स. तिनं वहिनीच्या अंगाला एकदाच हात लावला. "उष्माघात आहे हा. उचला, तंबूबाहेर मोकळ्या सावलीत न्या. दवाखान्याची गाडी बोलवा."

कुणीतरी मायसाच्या तोंडाला वाडगा लावू लागलं. "नको! शुद्धीत नाही ती, श्वासात जाईल. अंगावर ओता. कात्री द्या मला."

"थांब," ओगुलसापर म्हणाली, "गळ्याशी आकडे आहेत, मी सोडवते..."

"आई!"

कात्री गळ्यापासून खालपर्यंत रेशीम चिरत गेली. सरबताच्या बाटल्यांखालचा बर्फ मानेला, काखांत, जांघांत लावला. ओल्या चादरी घातल्या. मघाशी हसणाऱ्या बायका पुठ्ठ्यांनी वारा घालत होत्या. गाडी येईपर्यंत ओगुलसापर बादलीमागून बादली ओतत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात मायसानं माणसं ओळखली. तिची आई खाटेशी बसून होती, पायथ्याशी ओगुलसापर.

"असं कसं झालं गं? पाणी तरी मागायचंस!"

"माझंच चुकलं," मायसा फुटलेल्या ओठांनी म्हणाली. "मीच मागितलं नाही."

आईनं ओगुलसापरचे दोन्ही हात ओढून आपल्या डोळ्यांना लावले. "विहीणबाई, तुम्ही होतात म्हणून पोर हाती लागली."

ओगुलसापरनं सुनेकडे पाहिलं. मायसा भिंतीकडे बघत होती. आता नुसतं गप्प राहिलं की झालं.

"मागितलं होतं तिनं," ओगुलसापर म्हणाली. "मीच दिलं नाही."

विहिणीनं हात एकदम सोडले नाहीत. तिची बोटं आधी सैल पडली, मग एकेक करून सुटली.