दूध तोडल्यावर

आईपासून तोडलेली पिल्लं नव्या कप्प्यात मुकाट खात होती. खाद्यात पांढरी पूड मिसळली की त्यांचं पोट बिघडत नसे, वजन भरे आणि आईची आठवणही येत नसे. पलीकडे डुकरीण मात्र गजांवर नाक घासत हाका मारत होती.

पिल्लांना खाद्य घालून एस्तेरबाईंनी मुलाला, आग्नेलला, फोन लावला. त्याच्या वसतिगृहात आता तीच पूड मुलांच्या दुधात घालत. पोरगं रडू नये म्हणून एस्तेरबाईच 'घाला' म्हणाल्या होत्या.

"जेवलास का रे?"

"हो, मम्मी. इथं मस्त आहे. ठेवू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका पिल्लाला बिनपुडीचं खाद्य दिलं. संध्याकाळी ते आईसाठी केकाटू लागलं. एस्तेरबाईंनी त्याला पोटाशी धरलं. गप्प मात्र केलं नाही.