आपल्यातला डॉक्टर

हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. शरयूकाकूंनी हट्टानं नवऱ्याला कंपू भागातल्या शंतनु डॉक्टरकडेच आणलं, कारण ग्वाल्हेरच्या दवाखान्यात मराठी बोलणारा आपला माणूस मिळतो कुठे? सकाळी काकांना आत नेतानाही तो म्हणाला होता, "काकू, काळजी करू नका. मी आहे ना."

दुपारी तो मॅनेजरला सोबत घेऊनच बाहेर आला. काका टेबलावरच गेल्याचं मॅनेजरनं सांगितलं.

"असं कसं झालं रे, शंतनु?" काकूंनी विचारलं.

त्यानं आधी मॅनेजरकडे पाहिलं. "माताजी, हमारी तरफ़ से कोई कमी नहीं रही. बॉडी ने साथ नहीं दिया."

काकूंनी त्याचा हात धरला.



"हेच मला मराठीत सांग, बाळा."