साखळीपुरतं स्वागत

निवडणूक जवळ आली, तशा अमेरिकेतल्या त्या उच्चभ्रू, गोऱ्यांच्या कॉलनीतल्या हिरवळींवर प्रचाराच्या पाट्या उगवल्या. तिथली एकमेव कृष्णवर्णीय रहिवासी, डॉक्टर योलांडा, सकाळी धावून परतली, तर तिच्याही अंगणात एक पाटी रोवलेली: 'आमच्या पक्षात सर्वांचं स्वागत'. न विचारता! तिने ती उपटली आणि शेजारच्या कॅल्डवेल वकिलांची बेल वाजवली. दार आतल्या साखळीपुरतंच, फटीएवढं उघडलं. "अरेच्चा, डॉक्टर, तुम्ही होय! मला वाटलं..." पुढचं त्यांनी गिळलं. "ही पाटी तुम्ही लावलीत?" "मग! तुमचा समाज आमच्याच पक्षाचा की!" "मी अजून ठरवलेलं नाही." वकिलांचं हसू मावळलं. "म्हणजे त्या नालायकांना मत? तुमच्या लोकांसाठी आम्ही इतकं केलं, चांगले पांग फेडताय!" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पाटी फटीत खुपसली, ती अडकली. "साखळी काढा, वकीलसाहेब. तुमचं 'सर्वांचं स्वागत' आत शिरत नाहीये."