आभाराचं जेवण

तोकुजी बूट न काढता चर्चच्या स्वयंपाकघरात शिरला. दारापासून शेगडीपर्यंत त्याच्या बुटांवरचा बर्फ आणि गोठ्यातलं शेण उमटत गेलं.

त्याची बायको फुमिए मोठ्या पातेल्यात उकडलेले बटाटे लोणी घालून कुस्करत होती. शेजारी पाद्र्याची बायको लाविना बिडाच्या तव्यात रश्श्यासाठी कोंबडीच्या चरबीवर पीठ परतत होती. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार होता. तिकडे लाविनाच्या अमेरिकेत आज घरोघरी आभाराचं जेवण. इथे जपानच्या उत्तरेला, होक्काइदोत टर्की कुठली मिळायला, म्हणून लाविनाने दोन गलेलठ्ठ कोंबड्या भाजल्या होत्या. पलीकडच्या खोलीत तिचा नवरा ओरिन आणि म्हातारा पोस्टमन नाकादाई टेबलं जोडत होते.

"आज काय आहे?" तोकुजीने विचारलं. आवाज शांत होता. तो प्यायलेला नव्हता.

फुमिएने मान वर केली नाही.

"आईचं वर्षश्राद्ध आहे. घरच्या देव्हाऱ्यात तिच्यापुढे भात नाही, चहा नाही, उदबत्ती नाही. आणि तू इथे गोऱ्यांचे बटाटे मळत बसलीस."

"सकाळी ठेवायला गेले होते मी," फुमिए म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, बाप्तिस्मा घेतलेल्या हाताचा भात तिला चालायचा नाही. वाटी भिरकावलीत माझ्या हातातली."

तोकुजीने तिच्या हातातला लाकडी दस्ता ओढून घेतला आणि तोंडावर मारला. मग परत मारला. ती ओरडली नाही. पातेलं कलंडत होतं, ते तिने पोटाशी धरलं. नाकातलं रक्त बटाट्यांत पडत राहिलं.

ओरिन धावत आला आणि दोघांच्या मध्ये उभा राहिला. साडेसहा फुटांचा माणूस, खांदे गाडीच्या बैलासारखे. पण त्याच्या पंथात कुणावर हात उगारायचा नाही, अंगावर येणाऱ्यावरसुद्धा नाही. त्याचे आजे-पणजे तुरुंगात गेले होते, पण लढाईवर गेले नव्हते. त्याने दोन्ही हात खाली सोडले.

"मला मार," तो म्हणाला. "तिला नको."

तोकुजीने मारलं. नाक वाकडं झालं. ओरिन पुन्हा होता तिथेच उभा राहिला.

"उचल की हात, सेन्सेई. का देवाने बांगड्या भरल्यात?" गावात पाद्र्याला सगळे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत.

"नाही उचलणार."

दुसरा फटका कानशिलावर बसला. ओरिनचे गुडघे टेकले. तोकुजी त्याला ओलांडून गेला, त्याने फुमिएचे केस मुठीत धरले आणि तिचा चेहरा पेटत्या शेगडीकडे दाबायला सुरुवात केली.

"तोकुजीसान, सोडा तिला," दारातून नाकादाई म्हणाला. पाऊल मात्र त्याने आत टाकलं नाही.

लाविनाने तवा उचलला. हाताशी फडकं होतं, ते घ्यायचं तिला सुचलं नाही. दोन्ही हातांनी दांडा धरून तिने तवा तोकुजीच्या खांद्यावर घातला. हाड मोडलं, ते नाकादाईला दारात ऐकू आलं. उकळती चरबी त्याच्या कानावरून मानेवर उतरली. तो गुरासारखा हंबरला आणि खाली पडला.

त्याचं डोकं आता तिच्या पायांशी होतं. तिने तवा पुन्हा उंच उगारला.

ओरिनने गुडघ्यांवरूनच तिचं मनगट धरलं.

"लाविना. पुरे."

"सोड मला."

"नाही."

ती ओढत राहिली. तो धरून राहिला. शेवटी तवा खाली आला, फरशीवर आपटला. दांड्याला तिच्या तळव्यांची कातडी चिकटली होती.

दवाखान्याची गाडी आली. तोकुजी मोडका हात दुसऱ्या हाताने सांभाळत उठला. दारात थांबला. फुमिएकडे न बघता म्हणाला, "आईला भात ठेव आज."

"ठेवते," फुमिए म्हणाली.

बटाटे टाकून द्यावे लागले. रस्सा सगळा जमिनीवर होता. नाकादाईने गुपचूप फरशी पुसून काढली. तीन वाजता चौघं टेबलाशी बसली. मध्ये दोन कोंबड्या, गार झालेला मका आणि भोपळ्याचं गोड. ओरिनच्या नाकात कापसाचे बोळे होते. लाविनाचे दोन्ही हात मांडीवर, फडक्यांत गुंडाळलेले.

अमेरिकेत या जेवणाआधी प्रत्येकाने एकेका गोष्टीचे आभार मानायचे असतात. नाकादाईने सुरुवात केली. "यंदा गुडघे दुखले नाहीत," एवढंच तो म्हणाला आणि खाली बघत बसला.

फुमिएचा एक डोळा पूर्ण मिटला होता.

"एकोणीस वर्षांत आज पहिल्यांदा कुणी त्यांना थांबवलं. त्याबद्दल."

नाकादाई आमेन म्हणाला. ओरिन म्हणाला नाही.

पाळी लाविनाची होती. ती कुणाकडेच बघत नव्हती.

"दुसरा घाव मी डोक्यात घालणार होते," ती म्हणाली. "ओरिनने हात धरला. त्याबद्दल."

ओरिनने डोळे मिटले. या वेळी तो आमेन म्हणाला.

कोंबडी कापायचा मान घरच्या कर्त्याचा. ओरिनने सुरी उचलली, कोंबडीवर टेकवली, पण पातं आत घातलं नाही. फुमिए उठली. तिने त्याच्या हातातून सुरी काढून घेतली, दुसऱ्या हाताने कोंबडी घट्ट धरली आणि तिनेच सगळ्यांना वाढलं.