ताईचं नवं हृदय

मोरेश्वरच्या हातात बदामचे राजा, राणी, गुलाम होते आणि चष्म्याच्या काचेवर ताईची नाडी दिसत होती, बहात्तर. खाली सल्ला होता : खेळत राहा. हे चष्मे आल्यापासून तीन पत्तीत कुणाची थाप पचत नसे. छातीतली धडधड लगेच चुगली करायची. पण ताईला गेल्याच महिन्यात यंत्राचं हृदय बसवलं होतं. ते घाबरत नव्हतं आणि हरखतही नव्हतं. उरलेले सगळे चिंचोके लावून तो हरला, तर वडिलांची पत्त्यांची पितळी डबी यंदा ताईच्या घरी जाणार होती.

"बोल ना रे! घाम फुटला का?" ताई म्हणाली.

कित्येक दिवाळ्यांनी मोरेश्वरने चष्मा काढला आणि समोर बसलेल्या बहिणीला, तिच्या ताटलीसकट, नीट पाहिलं. मग पानं पालथी टाकली.

"पॅक."

बायकोने ती उलटून पाहिली. "अहो, असली पानं कुणी टाकतं का?"

ताईने धुसफुसत आपली पानं उघडली. तीन एक्के! "हृदय तर काही बोललं नाही. मग तुला सांगितलं कुणी?"

एखादा डाव जिंकूनही मोरेश्वरला कधी इतका अभिमान वाटला नव्हता.

"भारी पानं आली की तुझी चकली अर्धीच राहते, ताई. लहानपणापासून बघतोय."